ठकांना ठकवणारा कुरोसाकी

ठकसेनांच्या गोष्टी आपण बहुधा ठकसेनाच्या हुशारीसाठी वाचतो. फसलेला माणूस त्यात हसण्यापुरताच येतो. नात्सुहारा ताकेशी यांनी लिहिलेली आणि कुरोमारू यांनी चितारलेली ‘कुरोसागी’ ही जपानी मांगा (चित्रकथा) मालिका मला मोलाची वाटते, कारण तिच्यात गंडा घालणे हे चक्क कारकुनी काम आहे आणि त्या कामाची किंमत कोणाच्या घराने मोजली, हे ती वाचकाला विसरू देत नाही.

मालिकेचा नायक कुरोसाकी. त्याचे वडील ठकांच्या डावात सर्वस्व गमावून बसले आणि त्यांनी कुटुंबासह स्वतःला संपवले. त्यातून वाचला तो हा मुलगा. आता तो फक्त ठकांनाच लुबाडतो, मूळ फसलेल्याचे पैसे त्याला परत मिळवून देतो आणि वरचे स्वतः ठेवतो. पैशासाठी फसवणारे पांढरे, प्रेमाच्या नावाखाली फसवणारे तांबडे आणि ठकांवर जगणारा काळा, अशी इथली वर्गवारी आहे. सावजांची माहिती त्याला विकतो कात्सुरागी नावाचा म्हातारा सूत्रधार, आणि वडिलांना बुडवणारा डावही त्यानेच आखलेला असतो. ज्याच्यावर सूड उगवायचा, त्याच्याच पुढ्यात बसून व्यवहार करायचा, हा पेच लेखकाने घाईने सोडवला नाही, याबद्दल त्याला दाद दिली पाहिजे.

प्रत्येक प्रकरण काही भागांत उलगडते, आणि त्यात बनावट कंपन्या, करारपत्रे, शिक्के, मध्यस्थ यांची साखळी इतक्या सविस्तरपणे येते की वाचणारा धास्तावतो. हे कोणाला अतिरंजित वाटत असेल, तर त्याने २०१७ साली तोक्योतील गोतांदा भागात काय घडले ते आठवावे. तिथल्या एका जुन्या र्‍योकानच्या (पारंपरिक जपानी पथिकाश्रमाच्या) जागेची मालकीण असल्याची बतावणी करून एका टोळीने सेकिसुई हाउस या बलाढ्य बांधकाम कंपनीकडून सुमारे साडेपाच अब्ज येन उकळले. खऱ्या मालकिणीच्या नावे इशाऱ्याची पत्रे कंपनीकडे आली होती, पण व्यवहारात खोडा घालण्याचा कोणाचा तरी प्रयत्न, असे समजून ती बाजूला ठेवली गेली. एकदा सौदा हवाहवासा वाटू लागला की माणूस विरुद्ध पुराव्याचाही सोयीस्कर अर्थ लावतो, आणि कुरोसाकी नेमके यावरच जगतो.

दोषही आहेत. कायद्याची विद्यार्थिनी त्सुरारा ही कुरोसाकीची भाडेकरू. विवेकाची बाजू मांडायला तिला आणले आहे, पण बरेचदा ती केवळ उपदेश करून जाते. शिवाय सावज जाळ्यात येणार हे आधीच कळत असल्याने काही प्रकरणे यांत्रिक होतात. कैतानी शिनोबू यांच्या ‘लायर गेम’ या मांगामध्ये डाव उलटण्याची धाकधूक कितीतरी जास्त आहे, मात्र तिथले जग खेळाच्या नियमांत बंद असते, इथले डाव रस्त्यावरच्या दुकानात आणि बँकेच्या काउंटरवर घडतात.

मालिका ज्या ‘यंग सन्डे’ साप्ताहिकात चालत असे ते २००८ साली बंद पडले. तोवरचे वीस खंड आणि त्यानंतर ‘शिन कुरोसागी’ या नावाने आलेले अठरा, असा हा ऐवज आहे. या दुसऱ्या पर्वाकडे वळताना माझी एकच मागणी आहे: कुरोसाकीचा निदान एक तरी डाव सपशेल फसावा.