‘ओल आपोआप दिसते’ हे खरे नाही

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: गळती ओळखणारे सेन्सर ही परदेशातील लाकडी घरांची गरज आहे, आपल्याकडे सिमेंट-काँक्रीट आणि टाइल्स असतात, पाणी जेमतेम काही तास येते, गळती झालीच तर ओल आपोआप दिसते, आणि दिसली की वॉटरप्रूफ रंग लावला म्हणजे काम झाले. यातील एकही युक्तिवाद तपासणीत टिकत नाही.

पाण्याच्या वेळेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत सहज पटतो. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येत असले, तरी ते जमिनीखालच्या टाकीत साठते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि तेथून घराघरांत उतरणारे पाइप चोवीस तास भरलेले असतात. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल, तर त्या नळावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब रात्रंदिवस असतो. एका दिवाळीत आम्ही चार दिवस गावी गेलो असताना कोथरूडच्या आमच्या घरात प्युरिफायरची नळी जोडातून निसटली, आणि ते आम्हाला कळले ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनने, त्यांच्या छतातून दिव्याच्या होल्डरपाशी पाणी ठिबकू लागल्यावर. विजेच्या पाइपातून पाणी उतरणे किती धोक्याचे असते, हे वेगळे सांगायला नको. साधा बझरचा सेन्सर रिकाम्या घरात वाजून उपयोग झाला नसता. मोबाइलवर सूचना पाठवणारा हवा होता, आणि त्याहूनही आधी घराचा मुख्य कॉक बंद करून निघायला हवे होते.

टाइल्समुळे पाणी मुरत नाही, ही समजूत सर्वांत घातक आहे. उतार असतो तो बाथरूम आणि ड्राय बाल्कनीच्या फरशीला. स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांखालची जमीन सपाट असते आणि तेथे पाणी वाहून जायला नहाणी ट्रॅपही नसतो. साचलेले पाणी टाइल्सच्या सांध्यांतून खालच्या सिमेंट-वाळूच्या मालात झिरपते, आडवे पसरते आणि स्लॅबला जेथे बारीक भेग असेल तेथून खाली उतरते. म्हणूनच ओलीचा डाग आणि गळतीची जागा पुष्कळदा एकमेकांच्या वर-खाली नसतात. तोवर ट्रॉल्यांचे प्लायवुड फुगलेले असते. काँक्रीटमधील सळई गंजली, की गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचे तुकडे पाडतो. ‘आपोआप दिसणारी’ ओल ही अशी, सर्वांत शेवटी दिसते.

सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी होते.

सेन्सरची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याच्या दोन धातूच्या टोकांना पाणी लागले तरच तो वाजतो, त्यामुळे भिंतीतल्या पाइपाची गळती त्याला समजत नाही. तो सिंकखाली, प्युरिफायरखाली आणि वॉशिंग मशिनमागे, अगदी जमिनीला टेकवून ठेवावा, आणि महिन्यातून एकदा ओल्या बोटांनी त्याची टोके जोडून बॅटरी तपासावी. बाकीचे काम डोळ्यांनी आणि हातांनी करायचे आहे. बेसिनखालच्या अँगल कॉकवरून, म्हणजे नळाकडे जाणारे पाणी बंद करणाऱ्या छोट्या कॉकवरून, कोरडा टिश्यू फिरवावा. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. रंग भांड्यात उतरला, तर टाकी गळते आहे. घराला पाण्याचा स्वतंत्र मीटर असेल, तर रात्री सर्व नळ बंद करून आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी, पाणी वापरण्यापूर्वी, पुन्हा पाहावा. गच्चीवरच्या पावसाळी पाइपांच्या जाळ्या जून लागण्यापूर्वी साफ करून घेणे मात्र सोसायटीचे काम आहे.

राहता राहिला रंग. पाणी भिंतीच्या आतून बाहेर येत असताना वरून लावलेला थर ते अडवू शकत नाही. मागे साचणारे पाणी आणि क्षार त्याचे पोपडे काढतात आणि गळतीची खूण तेवढी काही महिने झाकली जाते. म्हणून ओल दिसल्यावर आधी प्लंबरकडून पाइपांची दाबचाचणी, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून तो दाब टिकतो का याची तपासणी, करून घ्यावी, गळती दुरुस्त झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतरच रंगाऱ्याला बोलवावे.