‘फार्मचा अरोवाना आहे, परवाना कशाला?’ या मजकुराला उत्तर

मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या अरोवाना या शोभेच्या माशाबद्दल एक मजकूर फिरतोय. मला एका आठवड्यात तिघांनी पाठवला: ‘सिंगापूर-मलेशियाहून येताना अरोवाना खुशाल आणा. मासा फार्मचा असतो, अंगात चिप असते, प्रमाणपत्र मिळतं. घरच्यासाठी एक आणला तर परवाना लागत नाही. भारताच्या वन्यजीव कायद्यात हा मासाच नाही. फार तर विमानतळावर काढून घेतील.’

यातलं चिपचं खरं आहे, आणि त्यामुळेच बाकीचंही लोकांना पटतं.

आशियाई अरोवाना (लाल, सोनेरी, हिरवा) १९७५ पासून साइटीस या कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट १ मध्ये आहे. आज वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. नदीतून धरलेल्या माशाचा व्यापार बंद आहे. साइटीसकडे नोंदवलेल्या फार्मवर किमान दुसऱ्या पिढीत जन्मलेला मासाच विकता येतो, आणि देशाबाहेर न्यायचा तर त्यालाही निर्यात परवाना लागतोच. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, पाठीच्या मांसात टोचलेली. रीडर फिरवला की नंबर उमटतो आणि तो फार्मच्या कार्डाशी जुळतो. पण हे कार्ड विकणाऱ्याने दिलेलं असतं. परवाना सरकार देतं, सिंगापुरात एनपार्क्स ही सरकारी संस्था. तो एका खेपेपुरता असतो आणि सहा महिन्यांत वापरावा लागतो. ‘पेपर आहेत ना’ असं दुकानात विचारलं की पुढे येतं ते कार्ड. तिथेच माणूस फसतो.

इतका बंदोबस्त का, तेही सांगतो. या माशाचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि अंडी असतात मोजकीच. असा एक नर पकडला की अख्खी वीण जाते.

आता ‘घरच्यासाठी’. करारात वैयक्तिक सामानाला सूट आहे, पण परिशिष्ट १ मधला जीव परदेशात घेऊन आपल्या राहत्या देशात आणला तर ती मिळत नाही. कलम ७ मध्ये तसं लिहिलंय. शिवाय जिवंत मासा भारतात उतरवायचा तर आरोग्यविषयक आयात परवाना वेगळा.

वन्यजीव कायद्याचं म्हणणं जुनं झालं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि चौथ्या अनुसूचीत साइटीसचे जीव आले आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जीव ताब्यात आल्यावर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते.

‘मग दुकानात उघड कसा मिळतो?’ तो बहुतेक वेळा चंदेरी अरोवाना असतो. ॲमेझॉनचा, वेगळ्या जातीचा, परिशिष्ट १ बाहेरचा.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं. ‘काढून घेतील.’ मासा प्रवासाला निघतो तो दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत, थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन भरून. उपाशी ठेवलेला, म्हणजे पाणी लवकर खराब होत नाही. हिशेब ठरावीक तासांचाच असतो. जप्त केलेला जिवंत जीव निर्यातदार देशात परत पाठवावा किंवा बचाव केंद्रात ठेवावा, असं करार सांगतो. पण पंचनामा, फोन, कागद होईपर्यंत तो पिशवीतच असतो, आणि त्यातला ऑक्सिजन संपत असतो.