कोणी विचारू नये म्हणून

बायबलात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, एक गैरसोयीचं वचन आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी कोणी विचारपूस केली तर उत्तर द्यायला नेहमी तयार राहा, आणि तेही सौम्यपणे. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये या वचनावर उपदेश होतात, शिबिरं होतात, साक्ष कशी द्यावी याचे वर्ग भरतात. सगळी तयारी उत्तराची. पण वचन नीट वाचा, त्यात आधी कोणीतरी विचारतंय. म्हणजे समोरच्याला तुमच्या जगण्यात विचारण्याजोगं काहीतरी दिसलेलं असणार. खरी पंचाईत तिथे आहे. कोणी विचारलंच नाही, तर उत्तराची पाळीच येत नाही. भुसावळ असो, धुळं असो की नंदुरबार, थोडी शिस्त पाळलीत तर जन्मभर एकही माणूस तुम्हाला विचारणार नाही.

सुरुवात दारापासून करा. चौकटीवर टाइल बसवून घ्या. तेविसावं स्तोत्र चांगलं दिसतं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. पाहुण्यांना घर सापडायलाही सोपं. त्याच स्तोत्रात ‘तो मला संथ पाण्यावर नेतो’ असंही आहे, तेव्हा त्याला आपला हातभार म्हणून नळाला थेट मोटर जोडा. आपल्याकडच्या शहरांत नळाला किती दिवसांआड पाणी येतं, ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. मे महिना, दिवसा पारा पंचेचाळीसच्या घरात, पहाटे चारला पाणी सुटतं आणि अख्खी गल्ली हंडे-ड्रम मांडून बसलेली असते. तुमची मोटर घरघरली की पुढच्या चार घरांच्या नळांतून नुसती हवा. शेवटच्या घरातली म्हातारी नळाला तोटीऐवजी फडकं बांधून, खाली पातेलं धरून उकिडवी बसलेली असते. पातेल्याचा तळ झाकण्यापुरतं पाणी होतं आणि धार तुटते. ती मान वर करून एकदा तुमच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघते, एकदा टाइलकडे. विचारत काही नाही. टाकी भरून वाहायला लागली, तर भरल्या पात्राचं वचनही त्याच स्तोत्रात आहे.

पाठोपाठ, साडेपाच वाजता, गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट आजचं वचन टाका. समोरच्या बिऱ्हाडातले काका सिव्हिलला अ‍ॅडमिट आहेत, रक्त हवंय, असा निरोप त्याच ग्रुपवर येईल. घाबरू नका. तुमचं उद्याचं वचन त्याला आपोआप वर ढकलून देतं.

रेल्वेचा डबा मात्र धोक्याची जागा आहे, आणि भुसावळकडच्या माणसाची त्यातून सुटका नाही. कवी ना. वा. टिळकांचं काय झालं, आठवा. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला, दोघांच्या गप्पा झाल्या, आणि त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं चुकलं कुठे? त्याने आधी गप्पा मारल्या. तुम्ही खिडकीवर रुमाल टाका, कानात इअरफोन घाला, लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘हमारा रिझर्वेशन है’ असं हिंदीत सांगा. अशा वेळी आपल्याला हिंदी उत्तम येतं. उतरताना सीटवर सुवार्तेची पत्रिका ठेवून द्या. जळगाव यायच्या आत तिच्यावर कोणाचे तरी केळीचे वेफर्स असतात. पेरणी झाली, असं समजायचं.

पवित्र शास्त्र जरूर वाचा, फक्त याकोबाचं पत्र टाळा. पाचच अध्याय आहेत, पण माणूस घर बघून आल्यासारखा लिहितो. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा देता आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणता, हे त्याला आपला नाताळचा कार्यक्रम न बघता कसं कळलं, कोण जाणे. पुढच्या रांगेतल्या सोफ्यावर नगरसेवक, शाल-श्रीफळ, आणि मंडळीत झाडझूड करणारा दादा पार मागे, चपलांपाशी.

पाचव्या अध्यायात तर तो कापणीवरच येतो. तुमची शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, म्हणतो. आता कापणीचा सण म्हणजे आपल्याकडे वर्षाचा आनंद. वेदीपुढे ज्वारी, भरताची वांगी, पाय बांधलेला कोंबडा, केळीचे घड, आणि उपासना झाली की लिलाव. पाचशेचा घड बोली लावत लावत दोन हजारांवर न्या. माइकवरून नाव पुकारतात, बायको मागे वळून कोण कोण बघतंय ते बघते. त्याच आठवड्यात ज्यांनी तुमच्या बागेत घड तोडून, डोक्यावर चुंबळ ठेवून चिखलातून गाडीपर्यंत वाहिले, त्यांना सांगा, ‘पुढच्या बाजारला देतो, भाऊ.’ त्यातला एखादा लाउडस्पीकरवर तुमचं नाव आणि आकडा ऐकेल. तो तुम्हाला मजुरी विचारेल, तुमच्या आशेविषयी अवाक्षर काढणार नाही. पेत्राचा प्रश्न इथेही टळला.

आता सेवाकार्य. वर्षातून एकदा नवापूरकडे किंवा सातपुड्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे गाडी करून जा, आणि डिसेंबरातच जा. दिवाळी झाली की तिकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती उन्हाळ्यात परततात. त्यांचा नाताळ बहुतेक उसाच्या फडातच होतो. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कोंबड्या. त्यामुळे ब्लँकेटं पुरतात, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं रडगाणं ऐकावं लागत नाही. भाषण शुद्ध मराठीत द्या. तारण, अनुग्रह, प्रायश्चित्त, काही सोडू नका. समोरची आजी मावची ही तिकडची आदिवासी बोली बोलते, तिला त्यातलं ब्लँकेट तेवढं कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियातून आलेले मिशनरी याच पश्चिम खानदेशात, याच उन्हात मुक्काम ठोकून राहिले, हे खरं. पण त्यांना संध्याकाळी परत निघायचं नव्हतं.

वाटेत सुरत लाइनवर चिंचपाडा लागेल. तिथे स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं ख्रिस्ती रुग्णालय आहे. आत जाऊ नका. अपरात्री पाड्यावरून आणलेली बाळंतीण ज्यांच्या हातात सोपवतात, ती माणसं वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली, की त्यांना नातेवाईक हमखास विचारतात, ‘तुम्ही इथे का राहता?’ अशा प्रश्नाची सवय वाईट.

ब्लँकेट देताना एक टोक तुम्ही धरा, दुसरं आजीला धरायला लावा आणि फोटो होईपर्यंत सोडू नका. घडीत पत्रिका सरकवायला विसरू नका. कायद्याची धास्ती घेण्याचं कारण नाही, तो तुम्ही वाचलेलाच नसतो. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा काही त्या हक्काचा भाग नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं. आपली श्रद्धा बोलून दाखवणं वेगळं आणि वस्तू पुढे करून बोलावणं वेगळं, हा फरक शेतातल्या अडाणी माणसालाही समजतो. तुम्ही तो पुसून टाका. आत पत्रिका, वर ब्लँकेट, समोर कॅमेरा. आमिष दाखवल्याचा पुरावा याहून नीटनेटका कोणाला जमला नसता, आणि तुम्ही तो तारीख-वेळेसकट स्वतःच्या स्टेटसला लावलेला असतो.

अंधार पडायच्या आत निघा. विसरवाडीजवळच्या ढाब्यावर गाडी थांबवून झणझणीत शेवभाजी खा, दिवसभराच्या सेवेने भूक लागलेली असते. तेवढ्यात पाड्यावर चार मोटारसायकली येतील, मागोमाग पोलीस पाटील येईल. तुम्ही कोण, कुठले, हे तिथे कोणालाच माहीत नाही. माहीत आहे तो तिथल्या चर्चचा पाळक, जो बारा महिने तिथेच असतो, पोरांना शाळेत सोडतो, आजारी माणसाला आपल्या मोटारसायकलवर घालून चिंचपाड्याला नेतो आणि कधी पत्रिका वाटत नाही, कारण त्याला तिची गरज पडत नाही. ब्लँकेटांचा हिशेब आता तो देत बसेल. त्याने तुम्हाला फोन केला तर उचलू नका, ढाब्यावर गोंगाट असतो.

घरी पोहोचलात की ग्रुपवर पोस्ट टाका, ‘खानदेशात छळ सोसणाऱ्या आपल्या बांधवांसाठी कळकळीची प्रार्थना करा.’ हात जोडलेले इमोजी भराभर येतील. पाळकाकडून आमेनची वाट बघू नका, त्याचा मोबाइल चौकशीसाठी जमा आहे.