सबमध्ये काय घालायचं, ते कुणीतरी ठरवायला लागतं

आत्ता हॉलवरून घरी आले. सकाळी लवकर ऑफिस आहे, पण हे लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

आज मंडळाच्या नाटकाची तालीम लांबली आणि सगळ्यांसाठी बाहेरून सब, म्हणजे लांब पावाची भरलेली सँडविचेस, मागवले. मी ग्रुपवर आधीच म्हटलं होतं की मी घरून करून आणते. उत्तर आलं, "ताई, कशाला उगाच राबताय? बाहेरून आणलं की सुटसुटीत." सुटसुटीत! एका मोठ्या ट्रेमध्ये एका बाजूला हॅम आणि टर्की, दुसऱ्या बाजूला व्हेज, मध्ये साधा कागदसुद्धा नाही. आणि व्हेज म्हणजे काय, तर मांसाच्या सबमधून मांस काढून टाकलेलं. मेयोनीजने ओला झालेला पाव, चीजचा एक काप, पाणी सुटलेलं लेट्यूस, फिकट टोमॅटो. मुलाकडे साताऱ्याहून आलेले एक काका आहेत, जन्मात कधी मांस न खाल्लेले. त्यांच्या तुकड्याखाली हॅमची गुलाबी कड चिकटलेली निघाली. काका कुणाला काही बोलले नाहीत. प्लेट बाजूला ठेवली, पिशवीतलं केळं काढून खाल्लं आणि पुन्हा तालमीला उभे राहिले.

कुठलं दुकान ते लिहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका. माझं भांडण त्या एका दुकानाशी नाहीच.

माझं भांडण आपल्याशी आहे. आपण न्यू जर्सीत राहतो, मंडळी! सब हे इथलं खाणं आहे. फिलाडेल्फियात त्याला होगी म्हणतात, न्यूयॉर्कात हिरो, वर न्यू इंग्लंडात ग्राइंडर, पण मूळ एकच: इटलीतून गिरण्यांत आणि गोद्यांत राबायला आलेल्या माणसांची दुपारची भाकरी. ते खाणं आपण इतकी वर्षं इथे राहून असं खातो?

लग्न होऊन एडिसनला आले तेव्हा मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, होते. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही, नवरा सकाळी गेला की संध्याकाळी यायचा. शेजारच्या दारात एक इटालियन आजी राहायच्या. त्यांचं बालपण पॅटर्सनचं, वडील रेशमाच्या गिरणीत. एक दिवस त्यांनी दार वाजवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तू काय खात नाहीस?" मी म्हटलं, मांस, मासे, अंडं. त्या म्हणाल्या, "बरं. बाकीचं मी बघते." आणि तासाभराने पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळलेला सब घेऊन आल्या.

हे 'बाकीचं मी बघते' मला आजवर कुठल्याही चेनच्या काउंटरवर ऐकू आलेलं नाही. तिथे उलट प्रश्नांची सरबत्ती. पाव कुठला, चीज कुठलं, टोस्ट करू का, भाज्या कुठल्या, सॉस कुठला. आपल्याला वाटतं, वा, काय स्वातंत्र्य! अहो, मला सॉसमधलं काय कळतं? मी दमून भागून आलेय, मागे रांग आहे, मी घाबरून तीन सॉस सांगते आणि ती मुलगी तिन्ही ओतते. यात सब कुणी केला? मीही नाही, तिनेही नाही. वाईट लागला तर दोष माझा, कारण निवडलं मी!

त्या मुलीवर माझा राग नाही, हे नीट वाचा. दिवसभर उभी असते बिचारी, कमी पैशात. "मॅडम, मिरचीच्या लोणच्यावर हा गोड सॉस नको" असं म्हणायची तिला मुभाच नाही. आजींना होती. माझ्या नवऱ्याने एकदा मेयोनीज मागितलं, तर आजींनी सरळ 'नाही' म्हटलं. तेल आणि रेड वाइन व्हिनेगर, वर चिमूटभर ओरेगॅनो, बस्स. नवरा गप्प बसून खायला लागला आणि मग दुसरा अर्धाही त्यानेच संपवला.

त्या सबमध्ये वांग्याचे काप होते, मंडळी. आपलेच! आजी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायच्या, मी रव्यात घोळवते, एवढाच फरक. अंड्यात बुडवायची त्यांची पद्धत त्यांनी माझ्यासाठी न सांगता सोडून दिली. सोबत गॅसवर भाजून सोललेल्या लाल सिमला मिरच्या. पाव कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, एका बाजूने जोडलेला राहू द्यायचा. आतला मऊ लगदा बोटांनी थोडा काढायचा, म्हणजे सारण बसतं आणि चावताना मागून बाहेर येत नाही. चीज दोन्ही बाजूंनी पावाला लावायचं, म्हणजे ओलावा पावापर्यंत पोचत नाही. टोमॅटोला मीठ लावून कागदावर निथळत ठेवायचे. लेट्यूस कोबीसारखं बारीक चिरून, धुऊन, पंच्यात गुंडाळून खडखडीत कोरडं करायचं. आजचं ते पाणी टपकणारं लेट्यूस बघितलं असतं, तर आजींनी ट्रे उचलून बाहेर ठेवला असता.

आणि चीजचं काय? सबमधल्या प्रोव्होलोन चीजमध्ये बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दुधाचं चीज करायला लागणारं विरजण, असतं. आपल्याकडे किती घरी हे पाळतात, तुम्हाला माहीत आहे. मी पाकिटामागचं वाचून, मायक्रोबियल, म्हणजे प्राण्यापासून न केलेलं रेनेट लिहिलेलं बघून आणते. काउंटरवर कुणाला विचारणार? ज्या हातमोज्यांनी हॅम उचललं त्याच मोज्यांनी माझी काकडी लावताना मी पाहिलंय आणि बदला म्हटल्यावर मागच्या माणसाचा सुस्कारा ऐकलाय.

पावाबद्दल तर बोलायलाच नको. २०२० मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सबवे या सबच्या मोठ्या चेनचा पाव करसवलतीपुरता 'पाव' धरताच येत नाही. तिथल्या कायद्यात साखरेची मर्यादा पिठाच्या वजनाच्या २ टक्के, आणि त्या पावात होती १० टक्के. १० टक्के! आणि आपण मुलांना डोनट नको म्हणतो, पण सब 'हेल्दी' म्हणून देतो.

हो, हॉलचे नियम असतात, काही ठिकाणी घरचं चालत नाही, मान्य. पण आपल्या हॉलला चालतं, गेल्या दिवाळीला घरचा चिवडा चाललाच की.

आणि दुकानातलं सगळंच वाईट असं मी म्हणत नाहीये. अटलांटिक सिटीत १९४६ पासूनचं व्हाइट हाउस सब शॉप आहे, पॉइंट प्लेझंटला १९५६ मध्ये माइक्स सब्स नावाने निघालेल्या छोट्या दुकानाची आज जर्सी माइक्स ही केवढी मोठी चेन झालीय. जुन्या इटालियन डेलीत, म्हणजे चीज-सँडविचच्या छोट्या दुकानात, आजही पाव त्याच सकाळचा असतो. तिथे मी मान खाली घालून पैसे देते. कारण तिथे काय कशावर जातं हे कुणीतरी आधीच, नीट विचार करून ठरवलेलं असतं. थोडक्यात, तिथेही आजीच आहेत.

"वेळ कुठे आहे?" हे येणारच कमेंटमध्ये. वेळ लागतो, खरंय. पण मंडळी, आपण पुरणपोळीला वेळ काढतो, एकवीस मोदकांना काढतो. इथल्या खाण्याला तेवढा मान द्यायचा नाही, असं कुठे लिहिलंय? मला याचंच जास्त वाईट वाटतं. आपण इथलं खाणं फक्त विकतच घेतो, शिकत नाही. त्या आजी माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी शिकल्या. दाण्याचं कूट त्यांनी हाताने कुटलं, मिक्सर नको म्हणाल्या. गुडघे अगदीच धरले तेव्हा मुलाकडे फ्लोरिडाला गेल्या, अजून फोन करतात आणि विचारतात, लेट्यूस कोरडं करतेस ना?

आता राग जरा उतरलाय. ज्या ताईंनी सुटसुटीत म्हटलं, त्या मनाने चांगल्या आहेत, हिशेब त्याच बघतात, नाटकही त्यांच्याच जोरावर उभं राहतंय. पण ताई, काकांनी केळं खाल्लं. मला ते विसरता येत नाहीये. त्या माणसाला 'तुम्ही काय खात नाही?' हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही, ऑर्डर देताना नाही आणि वाढतानाही नाही.

नव्याने आलेल्या मुलींनो, तुम्हाला करून बघायचं असेल तर सुपरमार्केटमधला पिशवीतला लांब मऊ पाव घेऊ नका, तो तेलाने लगेच भिजतो. इटालियन बेकरीत सकाळीच जा आणि दाबल्यावर करकर वाजेल असा पाव मागा. सारण भरून झाल्यावर कागदात घट्ट गुंडाळून अर्धा तास तसाच ठेवा, मगच कापा. आणि वांग्याचे काप गार झाल्याशिवाय आत घालू नका, वाफेने पाव जातो.