बिझनेस क्लासच्या कनेक्टिंग तिकिटाबद्दलच्या मेसेजचा खुलासा

'बिझनेस क्लासचं शेवटपर्यंतचं एकच तिकीट साइटवर मिळत नसेल तर दोन्ही टप्पे वेगवेगळे काढा. विमान कंपनी एकच, त्यामुळे कनेक्शन (पुढचं विमान) चुकलं तरी पुढची सोय तिलाच करावी लागते,' असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे.

वेगवेगळी तिकिटं म्हणजे वेगवेगळे करार, आणि विमान कंपन्यांच्या वाहतूक अटींमध्ये हे लिहिलेलं असतं. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या तिकिटावर तुम्ही 'गैरहजर' ठरू शकता. काउंटरवरच्या माणसाने मदत केली तर तो चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे. बिझनेस क्लासच्या भाड्यात हा धोका फार महागात पडतो.

एकच तिकीट का दिसत नाही? कधी दोन विमानांमधला जोडणीचा वेळ त्या विमानतळाच्या किमान मर्यादेपेक्षा कमी असतो, कधी छोट्या विमानात बिझनेस केबिनच नसते. शिवाय एकेका टप्प्यावर दिसणारी सीट जोडप्रवासात विकायची नाही, असंही कंपनी ठरवते.

अशा वेळी साइटवरचा 'मल्टी-सिटी' (प्रत्येक टप्पा स्वतः निवडून एकत्र बुक करायचा) पर्याय वापरून बघा किंवा कंपनीला फोन करा. छोटा टप्पा इकॉनॉमीत घ्यावा लागला तरी चालेल, पण तिकीट एकच हवं. ई-तिकिटावरचा तेरा आकडी क्रमांक नीट पाहा. साध्या दोन टप्प्यांच्या प्रवासात दोन्ही विमानं त्याच क्रमांकाखाली असायला हवीत.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल तिथे हा खुलासा टाका.