पैसा, यंत्र आणि ओली वाळू

आज सकाळी बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर एक तरुण मुलगा मोबाइलवर फॉर्म्युला वनची मोटार शर्यत पाहत म्हणाला, "ह्यात काय हाय, पैसा टाकला की कोण बी जिंकतंय." मी चहा अर्धा सोडून उठलो. ज्या गावाचे पोट फौंड्री आणि लेथवर चालते, तिथल्या पोराने असे बोलावे याचा मला मनापासून राग आला.

टोयोटाकडे पैसा नव्हता काय? 2002 ते 2009 अशी 8 वर्षे अफाट खर्च करूनही त्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही.

माझे वडील इथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. एका पावसाळ्यात कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा नग, लेथवर चढवून वरचा थर उतरवला की आत ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली छिद्रे, दिसू लागले. मालकांनी संगणकावर चालणारे नवे सीएनसी मशीन आणले, तरी माल परत येतच राहिला. बाबांनी त्यातला एक नग घरी आणला होता. माझ्या करंगळीचे टोक आत जाईल एवढे ते छिद्र होते. शेवटी बाबांनीच जाऊन वाळूचे साचे करणाऱ्या म्हाताऱ्या मोल्डरमामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वाळू ओली हाय की. पण मला विचारलंय कोण?"

मर्सिडीजने 2014 ते 2021 सलग 8 वेळा संघाचे विजेतेपद मिळवले, त्याचे मूळ मला इथेच दिसते. 2014 च्या इंजिनात त्यांनी टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेची, टर्बाइन एका टोकाला आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या टोकाला बसवला. इंग्लंडमध्ये इंजिन ब्रिक्सवर्थ गावी आणि गाडी ब्रॅकली गावी घडत असताना, दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना आधीपासून विचारल्याशिवाय अशी मांडणी गाडीत नीट बसत नाही. त्यांच्या मोल्डरला कोणीतरी विचारत होते.

पैशाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करतो. पण 2021 पासून खर्चाला मर्यादा आली, पुढे असलेल्या संघाला विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडून गाडीची चाचणी घेण्याच्या बोगद्यात, वेळही कमी मिळू लागला, आणि तरीही 2023 मध्ये रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या, त्याचे काय?

एकटा चालक सगळे करतो, हेही मला पटत नाही. शूमाकर 1996 साली फेरारीत आला आणि तिथले त्याचे पहिले विजेतेपद 2000 साली आले. मधल्या पराभवांच्या वर्षांत संघप्रमुख टॉड, तांत्रिक प्रमुख ब्रॉन आणि गाडीचा आराखडा करणारा बर्न ही माणसे जागेवर राहिली, म्हणून पुढची सलग वर्षे त्यांची झाली. आमच्याकडे त्या पावसाळ्यात माल परत आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोन मुलांना घरी बसवले होते, आणि वाळू मात्र ओलीच होती.

आता लिहिता लिहिता राग उतरला आहे. त्या पोराचेही फार चुकले नसावे. त्याला मोबाइलवर फक्त गाडी दिसते. तो नग अजून आमच्या कपाटात आहे. उद्या टपरीवर नेऊन त्याच्या हातात देणार आहे.