‘पर्यावरणाच्या कायद्यांनी विकास अडवलाय’ या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. म्हणणं असं की पर्यावरणाच्या परवानग्यांनी देशाचा विकास अडवून ठेवलाय, प्रोजेक्ट आधी चालू होऊ दे परवानगीचं नंतर बघू, उद्योजकांची तुरुंगाची भीती काढली ते बरंच झालं, झाडं काय परत लावता येतात, आणि विरोध करणारे सगळे परदेशी पैशावर पोसलेले विकासाचे दुश्मन. पाठवणाऱ्यांत माझे जवळचे लोक आहेत, भांडायचं नाहीये, पण एकेक मुद्दा बघूच.

परवानग्यांमुळे प्रोजेक्ट लटकतात म्हणे. काही लटकतातच, नाही कोण म्हणतंय? केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटींच्या वरच्या प्रोजेक्ट्सचा आढावा काढतं, त्यातली उशिराची कारणं वाचा. वन आणि पर्यावरण परवानगी आहे त्यात, पण सोबत भूसंपादन आहे, पैशाची जुळवाजुळव आहे, रखडलेली टेंडरं, मध्येच बदललेला आराखडा, वेळेवर न आलेली यंत्रसामग्री, सगळंच आहे. यातलं एकच कारण उचलून कायदा पातळ करायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

आणि परवानगी म्हणजे फार कडक परीक्षा असते असंही नाही हो. पर्यावरण मंजुरीबद्दलच्या केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जो पर्यावरण परिणामांचा रिपोर्ट लागतो तो बनवणारा कन्सल्टंट कंपनीच नेमते, फी पण कंपनीच देते. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी. रिपोर्ट शेकडो पानांचा आणि बहुतेक वेळा इंग्रजीत, गावाच्या भाषेत मिळतो तो नुसता सारांश. म्हणजे ज्याच्या शेताला लागून औष्णिक वीज केंद्राचा राखेचा तलाव येणारे त्याने महिनाभरात त्या सारांशावरून ओळखायचं की उन्हाळ्यात वारा सुटला की राख कुणाच्या पिकावर बसणार आणि विहिरीत काय झिरपणार. या अधिसूचनेच्या जागी आणायच्या २०२० च्या मसुद्यात हे ३० दिवसही २० वर आणायचं घाटत होतं.

आता ‘आधी चालू करा, मग परवानगी’. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. विशाखापट्टणमचा एलजी पॉलिमर्सचा कारखाना आठवतोय का? ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या टाकीतून स्टायरीनची (प्लास्टिक बनवायला लागणारं रसायन) वाफ बाहेर पडली, शेजारच्या वस्तीतली माणसं झोपेत होती, १२ जण गेले, शेकडो दवाखान्यात. स्टायरीन थंड ठेवावं लागतं, ते तापायला लागलं की आपोआप आणखी तापत जातं, आणि लॉकडाऊनमुळे कारखाना बंद होता पण टाकी भरलेली होती. या कंपनीने २०१९ मध्येच प्रतिज्ञापत्रावर कबूल केलं होतं की आमच्या उत्पादनाला वैध पर्यावरण मंजुरी नाही. मंजुरी असती तर गळती झालीच नसती असा माझा दावा नाही, पण साठा किती, कूलिंगचं काही बिघडलं तर काय, वस्ती किती लांब, हे विचारायची जागा तीच ना? ते प्रश्न १२ माणसं गेल्यावर विचारून कुणाला काय मिळणार.

तरी २०१७ मध्ये एकदाच द्यायची सवलत म्हणून ‘नंतर मंजुरी’ आली आणि २०२१ मध्ये तिचीच नवी कार्यपद्धती निघाली. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही रद्द केल्या, नोव्हेंबरमध्ये २ विरुद्ध १ ने तो निकाल मागे घेतला. एक कारण दिलं गेलं ते असं की सुमारे २०,००० कोटींची सार्वजनिक कामं पाडावी लागतील. म्हणजे विनापरवाना बांधा, पुरेसं मोठं बांधा, मग पाडणं परवडत नाही म्हणा.

तुरुंगाचं म्हणाल तर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतर आलेला. त्यात ५ वर्षांपर्यंत कैद होती, शिक्षा फारशा व्हायच्या नाहीत हेही खरं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तिथे १०,००० ते १५ लाख रुपये दंड आणला. गंमत म्हणजे दंड भरला नाही तर तुरुंग अजून आहे, प्रदूषण केलं म्हणून नाही. मोठ्या कंपनीला १५ लाख म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

‘झाडं परत लावतात’ वाल्यांसाठी ग्रेट निकोबार बेटाचं उदाहरण. तिथलं १३० चौरस किमी जंगल बंदर-विमानतळाच्या प्रोजेक्टला द्यायचं आणि भरपाईची झाडं लावायची हरियाणात!! समुद्रातल्या बेटावरचं बारमाही पावसाचं जंगल आणि हरियाणा. त्यातली किती जगतात हा पुढचा प्रश्न, पण सगळी जगली तरी त्या जंगलात राहणाऱ्या शोम्पेन आदिवासींना त्याचा काय उपयोग?

राहिले परदेशी पैशावरचे दुश्मन. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते ती वन संवर्धन कायद्यामुळे, त्यात २०२३ ला दुरुस्ती झाली. १९९६ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे मालकी कुणाचीही असो, जंगल असेल तर कायदा लागू व्हायचा, तो आता सरकारी नोंदीतल्या जंगलापुरता उरणार होता. याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? निवृत्त वन अधिकारी! फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की तूर्त जुनीच व्याख्या पाळा. सरकारी नोकरीत जन्म घालवलेली माणसं ही, त्यांना कुठल्या देशातून पैसे आले तेवढं मेसेज पाठवणाऱ्याला विचारा.